तानसा भरलं की मला बिरकत अल मौझ आठवतं

काल रात्री तानसा भरून वाहू लागलं. सकाळी सातच्या आत व्हॉट्सॲपवर फोटो आले, आठला संपादकांचा फोन आला, साडेआठला बातमी गेली. "मुंबईकरांसाठी आनंदाची बातमी." दरवर्षी हीच सुरुवात. बावीस वर्षांच्या पत्रकारितेत, मधली दोन वर्षं सोडली तर, ही बातमी मी प्रत्येक पावसाळ्यात टाईप केलीय. मुंबईकर खूश. आम्ही पण खूश, कारण रविवारी भजीवाल्याचा धंदा होतो.

तीन-चार आठवड्यांपूर्वी याच भागातल्या टँकरची बातमी मी दिली होती. ती आतल्या पानावर, दोन कॉलम, फोटोशिवाय लागली.

आज लिहायचंय ते त्या मधल्या दोन वर्षांबद्दल. जवळच्या चार-पाच मित्रांना माहीत आहे, बाकीच्यांना वाटतं मी पुण्याला होतो.

२०१३ मध्ये मी ओमानला गेलो. कारण सोपं आहे. तालुका प्रतिनिधी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो : मानधन पेट्रोलला पुरत नाही, बाकी कमाई दिवाळी अंकाच्या जाहिरातींच्या आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या कमिशनवर. लग्न झालं होतं, मुलगी दोन वर्षांची होती. एजंटाला पैसे दिले आणि मस्कतमध्ये घाला नावाच्या भागातल्या एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून लागलो. पत्रकारितेचा डिप्लोमा ट्रंकेत ठेवून नटबोल्ट मोजत बसलो. रियालला तेव्हा साधारण १६० रुपये यायचे, त्यामुळे नटबोल्ट मोजायला वाईट वाटत नव्हतं.

२०१४ च्या मे महिन्यात आई विहिरीवर घसरली. आमचा पाडा तानसाच्या पाणलोटातला. नाव लिहीत नाही, गावकीत उगाच विषय होतो. मे महिन्यात विहीर तळाला जाते, मग बायका आतल्या दगडांवर उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. डोक्यावर एक, कमरेवर एक असे दोन हंडे घेऊन वर येताना आईचा पाय सरकला. मांडीचं हाड मोडलं. धरणाचं पाणी तिथून चालत पाऊण तासावर. पण ते बघायचं पाणी, भरायचं नाही.

बहिणीचा फोन आला तेव्हा मी गोदामात माल उतरवून घेत होतो. रजा मागितली. अजून वर्ष पूर्ण नाही, असं उत्तर आलं. पासपोर्ट ऑफिसात जमा. कंपनीचं नाव इथे घेत नाही, तिथल्या बऱ्याच ठिकाणी हीच रीत होती आणि ती कायद्यात बसत नाही हेही सगळ्यांना माहीत होतं. ऑपरेशन झालं, मी पैसे पाठवले. तेवढंच केलं.

ऑक्टोबरात बकरी ईद आली. सलग सुट्टी मिळाली. खोलीतले बाकीचे सात जण झोपणार, बिर्याणी करणार, पत्ते खेळणार. मला त्या खोलीत बसवेना. घरी जाता येत नव्हतं म्हणून निघालो, एवढंच. सोबत एक प्लास्टिकची चटई, कंपनीचं ब्लँकेट, दोन पाण्याच्या बाटल्या, खुबूस म्हणजे तिथली रोटी, चीजचा डबा आणि रेसिडेंट कार्ड. आपल्या शहापूरच्या वाचनालयात मीना प्रभूंची प्रवासवर्णनं वाचली होती. त्या लंडनला राहून एकेक देश पालथा घालत आणि त्यावर जाडजूड पुस्तक लिहीत. माझ्याकडे चटई होती.

ओमानात रस्त्याला उभं राहून हात दाखवला की गाडी थांबते. आपल्याकडे आघईच्या फाट्यावर दुधाच्या गाडीला हात दाखवतो तसंच. फरक एवढाच की तिथली गाडी लँड क्रूझर असते. आणि उघड्यावर झोपायला कुणी अडवत नाही. ओमानी कुटुंबंच सुट्टीत सतरंज्या आणि चुली घेऊन डोंगरात, समुद्रावर जाऊन राहतात. त्यामुळे चटईवाल्या माणसाकडे कुणी संशयाने बघत नाही. भारतीय माणूस एकटा, सामानाशिवाय चालतोय, याचं मात्र सगळ्यांना नवल. तीन गाड्यांनी विचारलं, "गाडी बिघडली का?"

विमानतळाजवळ बुर्ज अल सहवा नावाचा घड्याळाचा मनोरा आहे, तिथून निझवाचा रस्ता फुटतो. पहिली लिफ्ट एका शाळामास्तरची, दुसरी बकरे घेऊन जाणाऱ्या पिकअपची. मागे बकऱ्यांत बसलो. म्हशाच्या यात्रेला बैल घेऊन जाणाऱ्या टेम्पोत बसल्याची सवय कामाला आली. तिसरी लिफ्ट पाण्याच्या टँकरची.

इथे मला हसू आलं होतं. निळा टँकर, पिण्याच्या पाण्याचा. ड्रायव्हर मलबारी. बांधकामाच्या साईटवर चालला होता. टँकरमागे पळालेला मी, टँकरवर चढून पाईप धरलेला मी, टँकर आला नाही म्हणून तहसीलच्या पायरीवर बसलेल्या बायकांचे फोटो काढलेला मी, आयुष्यात पहिल्यांदा टँकरच्या केबिनमध्ये बसलो ते परदेशात. एसी चालू होता. ड्रायव्हरला सांगितलं, आमच्याकडे तुम्ही आलात तर लोक हार घालतील. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

संध्याकाळी त्याने मला बिरकत अल मौझला उतरवलं. जबल अखदर म्हणजे हिरवा डोंगर, त्याच्या पायथ्याचं गाव. खाली खजुराची आणि केळीची गर्द बाग, वर मातीच्या विटांची पडकी जुनी वस्ती. अंधार पडत होता. मी एका कोरड्या नदीच्या पात्रात गेलो. वाळू मऊ, वारा नाही. चटई टाकली, चीज-खुबूस खाल्लं, आडवा झालो.

अर्ध्या तासाने टॉर्च तोंडावर. एक म्हातारा, पांढरा डिशडाशा, हातात काठी. आधी अरबीत ओरडला, मग मी हिंदी आहे हे बघून हिंदीत ओरडला. "पागल है क्या? ये वादी है!" पाऊस डोंगरात पडतो, इथे आकाश कोरडं असतं आणि भिंतीएवढं पाणी येतं, दरवर्षी माणसं जातात. हे त्याने मला काठी आपटत सांगितलं. मग चटई स्वतःच गुंडाळली आणि पुढे चालू लागला. मी मागे.

त्यांना मी चाचा म्हणायला लागलो. वय पंचाहत्तरच्या आसपास असेल. घरी नेलं, खजूर दिले, वेलची घातलेला कडू कावा दिला. कप हलवून दाखवल्याशिवाय भरतच राहतात हे मला माहीत नव्हतं, सात कप प्यायलो. हिंदी कुठे शिकलात म्हटलं तर म्हणाले, "बम्बई." तरुणपणी बापाला उपचारासाठी घेऊन आले होते. तेव्हा ओमानात काही नव्हतं. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा सगळ्या देशात डांबरी रस्ता म्हणावा तो दहा किलोमीटरच्या आसपास. दुखणं आलं की बोटीने मुंबई. चलनसुद्धा रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला रुपयाच चालायचा, तेव्हापर्यंत. चाचा मोहम्मद अली रोडच्या बाजूला तीन महिने राहिले होते. त्यांना आठवत काय होतं? ट्राम नाही, समुद्र नाही. नळ. "दीवार में से मीठा पानी. घुमाओ, आता है."

मी म्हटलं, चाचा, ते पाणी माझ्या गावचं.

त्यांना खरं वाटेना. मग मी कागदावर चित्र काढून दाखवलं. ही मुंबई, हे आम्ही, मधे शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि ही पाईपलाईन. विहार १८६० चं, तुळशी १८७९ चं, ती दोन्ही मुंबईतच. ती पुरेनात म्हणून इंग्रजांनी १८९२ मध्ये आमच्या तानसा नदीवर दगडी धरण बांधलं. पुढे वैतरणेवर मोडक सागर, मग अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. सात तलावांतले पाच मुंबईच्या बाहेर, शहापूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांच्या डोंगरात. आज मुंबईला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी जातं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसातून. शहापूरला "धरणांचा तालुका" म्हणतात हे मी अभिमानाने सांगितलं. बातमीदाराची सवय, आकडे पाठ असतात.

चाचांनी कागद बराच वेळ बघितला आणि झोपा म्हणाले.

सकाळी ते मला फलज दाखवायला घेऊन गेले. हे थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यासाठीच ही पोस्ट लिहायला घेतली.

फलज म्हणजे पाट. डोंगराच्या कुशीत जमिनीखाली पाणी लागतं तिथे खोल विहीर खणतात. तिला उम्म अल फलज म्हणतात, फलजची आई. तिथून गावापर्यंत बोगदा, अगदी किंचित उतार देऊन. पंप नाही, वीज नाही. पाणी आपल्या चालीने येतं. ओमानात असे तीन हजारांच्या आसपास फलज अजून चालू आहेत आणि त्यातल्या पाचांना २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. बिरकत अल मौझचा फलज अल खतमैन त्या पाचातला. गावात आल्यावर तो तीन सारख्या पाटांत विभागला जातो. मी तिथे बसून बघितलं, तिन्हीत पाणी खरंच सारखं वाटत होतं. मोजायला पट्टी नव्हती.

पण मला हलवलं ते विभागणीने नाही, क्रमाने. फलज गावात जिथे पहिल्यांदा उघड्यावर येतो ती जागा पिण्याच्या पाण्याची. तिथे कुणीही यावं, भरावं. वाटसरूसुद्धा. तिथे हात-पाय धुवायचे नाहीत, जनावर आणायचं नाही. त्याच्या खाली मशीद. त्याच्या खाली आंघोळीच्या जागा, पुरुषांच्या वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या. मग खजुराच्या बागा. सगळ्यात शेवटी हंगामी पिकं. पाणी कमी झालं की शेवटून तोडत यायचं. म्हणजे आधी पीक सोडायचं, मग बाग. प्यायच्या जागेला हात लावायचा नाही.

बागांच्या पाण्याची पाळी वेळेवर. अर्ध्या तासाच्या आसपासच्या हिश्शाला अथर म्हणतात. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवर मोजायचे, रात्री ताऱ्यांवर. चाचांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि हसले. हिशोब ठेवायला वकील नावाचा माणूस असतो, तो गावाने नेमलेला. आपला कोर्टातला वकील नाही.

आता कुणी म्हणेल, हा काय, तिकडचं सगळं सोन्याचं सांगतोय. नाही बाबा. पाण्याचे हिस्से विकले जातात, लिलाव होतो, ज्याच्याकडे पैसा त्याची बाग हिरवी. बागेत राबणारे बहुतेक बांगलादेशी होते आणि त्यांच्या हिश्शाला काय येतं ते मी विचारलं नाही. मस्कतच्या नळाला येतं ते समुद्राचं खारं पाणी गोडं करून, त्याला तेलाचा पैसा लागतो. आणि माझा पासपोर्ट तेव्हाही कपाटातच होता. एवढं सगळं मान्य. तरी त्या पहिल्या जागेपाशी मी ओंजळीने पाणी प्यायलो तेव्हा घशात काहीतरी अडकलं.

कारण चाचांनी विचारलं, "तुम्हारे गाँव में पहला पानी कौन पीता है?"

मी म्हटलं, "बम्बई."

त्यांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्यांनी परत विचारला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. धरण तुमच्या गावात ना? मग गावात पहिलं कोण पितं? मी परत म्हटलं, बम्बई. मग आईचं सांगितलं. विहीर, दगड, दोन हंडे, मांडीचं हाड. ते काही बोलले नाहीत. फलजच्या कडेला बसून त्यांनी तोंडावर पाणी मारलं. त्या जागी मारायचं नसतं हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

पुढचे दोन दिवस जबल अखदरवर. ते पटकन सांगतो. पायथ्याला चौकी आहे, फोर व्हील ड्राईव्ह शिवाय वर सोडत नाहीत, चाचांनी एका भाच्याच्या गाडीत बसवून दिलं. वर सैकचं पठार, दोन हजार मीटर उंचीचं. डाळिंबं उतरवायचे दिवस होते. एक रात्र पठारावर झोपलो, कंपनीच्या ब्लँकेटची लायकी कळली, पहाटेपर्यंत दात वाजत होते. असा काळा आणि ताऱ्यांनी भरलेला आकाश मी आपल्याकडे फक्त माहुलीच्या पलीकडे, वीज गेल्यावर बघितलंय.

दुसऱ्या दिवशी खाली उतरल्यावर एका दुकानातून कॉलिंग कार्ड घेतलं आणि घरी फोन लावला. आई वॉकर धरून चालायला लागली होती. ईदची सुट्टी आहे, फिरायला आलोय असं सांगितलं. कुठे, तर वाळवंटात, डोंगरात. तिचा पहिला प्रश्न, "पानी हाय का रे तिथं?"

आहे म्हटलं. भरपूर आहे.

"मग बरंय," म्हणाली. "आमच्यात आत्ता हाय. पावसाचं हाय. होळीपत्तुर पुरंल."

वाळवंटातल्या माणसाला पाण्याची काळजी नव्हती आणि अडीच हजार मिलिमीटर पावसात राहणारी बाई होळीपर्यंतचा हिशोब करत होती. त्या दुकानासमोर बसून मी दोन तास काही केलं नाही. मग हात दाखवला, मस्कतला परत आलो, खोलीत पत्ते चालूच होते.

२०१५ मध्ये परत आलो. पैसे फार साठले नाहीत, पण ट्रंकेतला डिप्लोमा काढला. आल्यावर पहिल्या हिवाळ्यात तीच चटई घेऊन आपल्याच तालुक्यात निघालो. आटगावच्या फाट्यावरून दुधाची गाडी, मग एका मास्तरांची बाईक, मग पायी. धरणाच्या पाण्याजवळ चटई टाकली. चौकीदार आला, अगदी नम्रपणे म्हणाला, "भाऊ, इथं रातचं थांबता येत नाय. मुंबईचं पानी हाय." तो त्याचं काम करत होता. बोलता बोलता कळलं, तो आमच्या पलीकडच्या पाड्यातला. त्याच्या घरी मार्चपासून टँकर. मला त्याने त्याच्या बाटलीतलं पाणी प्यायला दिलं.

मुंबईवर राग काढायची आपल्याकडे फॅशन आहे, मी पण पूर्वी काढायचो. माझी बहीण मुंबईत एका वस्तीत राहते, तिच्या नळाला पाणी एक तास येतं आणि तेही पहाटे. ती आमच्या तानसाचं पाणी पिते आणि आमच्या आईपेक्षा फार सुखात आहे असं मला दिसत नाही. भांडण तिच्याशी नाही. क्रम कोणी ठरवला हा माझा प्रश्न आहे. १८९२ च्या धरणाला नकाशा काढताना गावाच्या प्यायच्या पाण्याची जागा सुटली, असं आपण इंग्रजांवर ढकलू शकतो. भातसा कुणी बांधलं? मध्य वैतरणा तर कालपरवाचं. अजून आपण काय बातम्या देतो, तर इगतपुरीतल्या भावली धरणातून शहापूरच्या गावांना पाणी आणायच्या योजनेच्या. योजना चांगली आहे, व्हायलाच हवी, गुरुत्वाकर्षणाने येणारं पाणी आहे, फलजसारखंच. पण विचार करा, उशाशी धरणं असताना घाटावरून पाणी मागवायचं.

आणि लहानपणीचं एक कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. पाईपलाईनचा व्हॉल्व्ह गळायचा तिथे आम्ही पोरं हंडे लावायचो. त्या गळतीच्या बारीक धारेखाली आमच्या पाड्याची रांग असायची. कधी दुरुस्ती झाली की पाड्यात नाराजी. गळती बंद झाली म्हणून रडलेली म्हातारी मी बघितलीय.

आई गेली त्याला चार वर्षं झाली. शेवटपर्यंत एक पाय ओढत चालली. चाचांचा पत्ता माझ्याकडे नव्हता, फोन नंबर होता तो जुन्या मोबाईलबरोबर गेला.

आता कामाचं. तानसा भरलं, हळूहळू बाकीचीही भरतील, टँकरची फाईल फेब्रुवारीपर्यंत कपाटात जाईल. त्याच्या आधी मला एक यादी करायचीय, शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुक्यांची. गावाचं नाव, पाड्याचं नाव, यंदा पहिला टँकर कधी आला, शेवटचा कधी आला, किती दिवसाआड आला, आणि तिथून सगळ्यात जवळचं धरण किंवा पाईपलाईन किती लांब. सरकारी आकडे माझ्याकडे आहेत, ते टँकरच्या मंजुरीचे असतात. मला तुमचे हवेत. ज्यांच्या घरी हंडा उचलला जातो त्यांना विचारून लिहा, म्हणजे आईला, वहिनीला, आजीला. पुरुषांना तारखा आठवत नाहीत, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या आत जेवढं येईल तेवढं छापून प्रत्येक ग्रामपंचायतीला मी स्वतः नेऊन देणार आहे. बाईक सध्या गॅरेजला आहे. आघई, डोळखांब, किन्हवली, टोकावडे या बाजूला कुणी जात असेल तर सांगा, फाट्यावर उभा राहतो.